दोन डगरींवर पाय!

परवा एका मित्राकडे गेले होते. भिंतीवर गिटार टांगलेली आणि तिच्यावर धुळीचा हा थर! "अगं, वेळच मिळत नाही," तो म्हणाला. आयटीतला जॉब, रोजचं ट्रॅफिक, वीकेंडला नुसती झोप. ओळखीचं वाटतंय ना? माझ्याही ड्रॉवरमध्ये अर्धवट कथांची वही आहे, त्यामुळे मी आपली गप्पच बसले.

घरी येताना मिखाईल बोत्विनिक आठवला. सोव्हिएत रशियातला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. शिवाय १९४८ साली बुद्धिबळाचा वर्ल्ड चॅम्पियन! १९६३ पर्यंत हे पद दोनदा हातातून गेलं आणि दोन्ही वेळा त्यानं वर्षभरात परत मिळवलं.

याला कसा वेळ मिळायचा? तर तो मागून घ्यायचा. महायुद्धाच्या काळात उरल भागात नोकरी करताना त्यानं थेट मंत्री मोलोतोव यांना पत्र लिहिलं आणि बुद्धिबळासाठी आठवड्यातले तीन दिवस मिळवले. (आपल्या बॉसकडे ट्राय करू नका!) तयारीही इंजिनिअरच्याच शिस्तीची. सिगारेटच्या धुरानं लक्ष विचलित होतं म्हणून सरावाच्या डावात तो समोरच्याला मुद्दाम धूर सोडायला लावायचा.

पण बॉस, किंमतही मोजावी लागली. डॉक्टरेटच्या कामापायी चॅम्पियन झाल्यावर तीन वर्षं तो एकही स्पर्धा खेळला नाही. १९५१ मध्ये ब्रॉनस्टाइनशी मॅच झाली ती १२-१२ अशी बरोबरीत सुटली. तेव्हा बरोबरी झाली की पद चॅम्पियनकडेच राहायचं, म्हणून बचावला.

१९७० मध्ये स्पर्धा सोडल्यावर त्यानं दोन्ही वेडं एकत्र आणायचं ठरवलं. मास्टरसारखा विचार करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, 'पायोनियर'. त्यावर वर्षानुवर्षं घालवली, पण तो काही कधी दमदार खेळाडू झाला नाही. १९९५ मध्ये बोत्विनिक गेला. दोनच वर्षांनी त्याच्या शिष्याला, कास्पारोवला, 'डीप ब्लू'नं हरवलं. तेही सेकंदाला कोट्यवधी शक्यता तपासून, म्हणजे बोत्विनिकच्या अगदी उलट वाटेनं.

मग ती सगळी वर्षं फुकट गेली? मला नाही तसं वाटत. निदान त्याचं स्वप्न भिंतीवर टांगलेलं तरी नव्हतं.

रात्री मित्राला एसेमेस केला, 'रविवारी सकाळी तारा बदलायला जाऊ.' आणि ड्रॉवर उघडला.

तुमची गिटार कुठेय?