नहपान हरला, गाव राहिले

मावळातल्या बेडशाच्या लेण्यांत राजाचे नाव सापडत नाही. चैत्यगृहाच्या ओसरीत, खोलीच्या दारावर कोरलेय ते नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे, पुष्यणकाचे दान. बाहेर पाण्याच्या टाक्यापाशी महाभोजाची मुलगी, महारठीची पत्नी सामडिनिका आपले नाव ठेवून गेली आहे. सावकाराचा मुलगा आणि सरदाराघरची बाई. पण याच पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांसाठी दोन राजघराणी एकमेकांच्या जिवावर उठली होती, आणि त्यातल्या हरलेल्या घराण्याकडे आपण फार कमी लक्ष देतो.

ते घराणे क्षहरात शकांचे. त्यांचा राजा नहपान. कल्याण, सोपाऱ्याला समुद्रमार्गे आलेला माल बोरघाटाने वर चढायचा, तो मावळातून पुढे जुन्नर, पैठणला जायचा. घाट ज्याच्या हाती, जकात त्याची. नहपानाने नाशिक, जुन्नर, मावळ घेतले ते यासाठीच. पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी लिहितो, की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच नहपानाच्या मुलखातले बंदर, कल्याण सातवाहनांचे. बंदराची अशी कोंडी झाली, की घाटावरच्या बाजारपेठांचे काय होत असेल, हे मावळातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

नहपानाचा जावई उषवदात. कार्ल्याच्या चैत्यगृहात त्याचा लेख आहे: वालूरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत वर्षावासाला येणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. त्याच लेखात तो ब्राह्मणांना दिलेली सोळा गावे आणि तीन लाख गाईही मोजतो. परक्या घराण्याला या मातीत पाय रोवायचे होते आणि त्याची किंमत ते मोकळ्या हाताने मोजत होते. याला नुसते ढोंग म्हणणे मला पटत नाही. दिलेल्या गावाच्या धान्यावर भिक्षूंचे पावसाळे खरेच निघत होते.

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आला. त्याची आई गौतमी बलश्री नाशिकच्या लेण्यात अभिमानाने कोरते, की मुलाने खखरात, म्हणजे क्षहरात, वंश निःशेष केला. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची 13,000हून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. असे एखादे नाणे नीट पाहावे. वर कमानींचा डोंगर, आणि त्याच्या खालून अजून डोकावणारा नहपानाच्या चेहऱ्याचा तुकडा. चांदी वितळवायची गरज नव्हती, मालक बदलला एवढे बाजाराला कळले की पुरे.

वंश बुडाला, पण उषवदाताचा लेख कोणी छिन्नीने खरवडला नाही. नाशिकला तर गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी, जी जमीन आधी उषवदाताकडे होती तीच भिक्षूंना दिली. कार्ल्यालाही सातवाहनांची आज्ञा कोरलेली आहे: मामालाहारातले, म्हणजे आपल्या मावळातले, करजक गाव भिक्षूंना. गाव बहुधा तेच. जिंकणाऱ्याने शत्रूच्या दानाला हात न लावता ते आपल्या नावे पुन्हा दिले. मला हा गौतमीपुत्राचा मोठा विजय वाटतो, रणांगणातल्याइतकाच.

शकांचा शेवट मात्र तेवढ्यावर झाला नाही. चष्टनाचे दुसरे घराणे उभे राहिले. त्याच्या नातवाने, रुद्रदामनाने, सातकर्णी नावाच्या सातवाहन राजाला दोनदा हरवले आणि जवळचा नातलग म्हणून सोडून दिले. ते जुनागढच्या शिलालेखात आहे. कान्हेरीचा लेख तर एका सातवाहन राणीला महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, मुलगी म्हणतो.

मावळातल्या शाळांच्या सहली बेडशाला जातात, तेव्हा गुरुजींनी त्याच दिवशी मुलांना कार्ल्यालाही न्यावे. उषवदाताचा लेख आणि सातवाहनांची आज्ञा, दोन्ही त्यांना दाखवावीत, वाचून अर्थ सांगावा. आपल्या तालुक्याचे नाव दगडावर कोरलेले त्यांना तिथे भेटेल, आणि ते कोरणारे हात कोणाच्या बाजूचे होते हेही.