मालेगावची 'जादू' आणि कब्रस्तानची नोंदवही

नाशिकच्या म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं. राज्यातली एमबीबीएस, युनानी, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. आपल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली इथलीच डिग्री घेऊन डॉक्टर झाली. पण विद्यापीठाचं काम परीक्षा घेण्यापुरतं नाही, तिथे संशोधनही होतं. २०२२ मध्ये या विद्यापीठाने मालेगावात कोरोना कसा ओसरला, याचा अभ्यास हाती घेतला. 'मालेगाव मॅजिक' या नावाने त्याची चर्चा झाली.

प्रश्न रास्त होता. २०११ च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेलं हे शहर. लाखाच्या वर पॉवरलूम, एका खोलीत सहा-आठ माणसं. एप्रिल २०२० मध्ये पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता मालेगाव राज्याचं हॉटस्पॉट झालं. मग जूननंतर साथ उतरली. कोणी म्हणालं, लोकांना आधीच लागण होऊन गेली. कोणी मन्सूऱ्याच्या युनानी काढ्याला श्रेय दिलं. कोणी म्हणालं, इथे तरुणांची संख्या जास्त. हे सगळे अंदाज आहेत. ते तपासायलाच संशोधन लागतं.

मग 'जादू' हा शब्द आम्हाला का खटकतो?

कारण त्याच एप्रिलमध्ये मालेगावच्या बडा कब्रस्तानात आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी जास्त दफन झाले. खाजगी दवाखाने बंद होते. शुगर, बीपी, हृदयाचे पेशंट दारोदार फिरले. अनेकांची टेस्टच झाली नाही, म्हणून कोरोनाच्या आकड्यात ते आले नाहीत. दोन वर्षांनी घरोघर जाऊन विचारलं, तर उत्तर देणारे जिवंत राहिलेलेच असणार. गेलेल्यांचा हिशेब कब्रस्तानच्या नोंदवहीत आहे. ती वही उघडल्याशिवाय मालेगावचा अभ्यास अर्धाच राहील.

दुसरा धोका गाफीलपणाचा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि याच मालेगावात गोवराची साथ आली. गोवर रोखायचा तर १०० पैकी ९५ मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळावे लागतात: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. 'आपल्या लोकांना काही होत नाही' हा समज घरात शिरला की दुसरा डोस राहून जातो. त्याची किंमत लेकरू मोजतं.

आता सर्व्हेवाल्यांबद्दल. २०२० मध्ये आरोग्य कर्मचारी दारावर आले तेव्हा अनेक मोहल्ल्यांत दारं उघडली नाहीत. एनआरसी-सीएएची भीती ताजी होती. कागद मागायला आले असतील, असं वाटायचं. ती भीती उगाच नव्हती, हे आम्ही जाणतो. पण दार बंद राहिलं की नुकसान आपलंच. जिथे आजारी माणूस मोजला जात नाही, तिथे दवाखाना, डॉक्टर आणि औषध मागायला पुरावा कुठून आणणार?

म्हणून दार उघडावं, आणि प्रश्नही विचारावेत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आपल्या बाजूने आहेत. संशोधन कशासाठी आहे, हे आपल्याला समजेल त्या भाषेत सांगितलं पाहिजे. रक्ताचा नमुना घेण्याआधी संमती हवी. नाही म्हटलं, किंवा मधेच बाहेर पडलो, तरी उपचार अडवता येत नाहीत. नाव-माहिती गुप्त राहिली पाहिजे. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

विद्यापीठाकडेही आमची एक मागणी आहे. मालेगावकरांनी वेळ दिला, माहिती दिली. त्यातून काय निघालं ते सोप्या उर्दूत आणि मराठीत मोहल्ल्यापर्यंत परत आलं पाहिजे. शाळेच्या पालकसभेत सांगा, जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदमधून ऐलान करू द्या. यात आम्ही शिक्षक हमखास मदत करू.

मालेगाव जादूने वाचलं नाही. तिथली माणसं लढली, काही वाचली, काही गेली. दोघांचीही नोंद व्हावी, एवढंच मागणं आहे. आणि हो, घरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर आजच त्याचं लसीकरण कार्ड काढून बघा.