ब्रॉयलरला हळद, लसूण, प्रोबायोटिक: आधी हिशेब, मग वापर

खाद्यातील प्रतिजैविकांवरची बंधने एकेक करून वाढत आहेत. कोंबड्यांसह अन्न देणाऱ्या सर्व प्राण्यांसाठी कॉलिस्टिनवर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. मांस, दूध व अंड्यांतील प्रतिजैविकांच्या अवशेषांबाबत एफएसएसएआयचे सुधारित नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. युरोपीय संघाने तर वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळणे १ जानेवारी २००६ पासूनच बंद केले आहे. साहजिकच शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि कल्याण तालुक्यांतील शेडवर 'नैसर्गिक' पावडरी व द्रावणे विकणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. ही पूरके घ्यावीत का, हे ठरवताना पुढील मुद्दे पाहा.

खाद्य कोणाचे आहे?
करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. तिथे सुपरवायझरच्या लेखी संमतीशिवाय काहीही मिसळू नका. वजन किंवा मरतूक बिघडली, तर दोष तुमच्यावर येईल आणि संगोपन मोबदला कापला जाईल. स्वतः पिल्ले व खाद्य विकत घेणाऱ्यांना निर्णयाची मोकळीक आहे, पण तोटाही त्यांनाच सोसावा लागतो.

कोणते पूरक काय करते?
- हळद: कुरकुमिनमुळे आतड्याचा दाह कमी होण्यास व यकृताला मदत होते. साधारण प्रमाण किलो खाद्याला ५ ग्रॅम. रंग मिसळलेली सुटी हळद टाळा.
- लसूण: जंतूंना रोखणारे ॲलिसिन उष्णतेने व साठवणीत कमी होते. जुन्या पावडरीकडून फार अपेक्षा ठेवू नका.
- ओवा: यातील थायमॉल आतड्यातील घातक जिवाणूंना आवर घालते. मात्रा वाढली तर उग्र वासाने पक्षी खाद्य कमी खातात.
- शेवगा व कडुनिंब पाला: शेवग्याची पावडर ५ टक्क्यांच्या वर गेली की तंतुमय भाग वाढून वजन घटू शकते. कडुनिंबाच्या कडूपणाने खाद्य उरते.
- प्रोबायोटिक: हे जिवंत जिवाणू आहेत. क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ते मरतात. प्रतिजैविक चालू असतानाही ते देऊन उपयोग नाही.
- सेंद्रिय आम्ले: पाण्याचा सामू कमी करून जंतू रोखतात. पाण्यातून लस देण्याच्या दिवशी आम्ल आणि क्लोरीन दोन्ही बंद ठेवा.

परवडते का?
दोन किलोचा पक्षी १.६५ एफसीआरने ३.३० किलो खाद्य खातो. पूरकामुळे एफसीआर १.६० झाला असे धरू. मग खाद्य ३.२० किलो लागेल, म्हणजे १०० ग्रॅमची बचत. खाद्य ४० रुपये किलो धरले, तर पक्ष्यामागे ४ रुपये वाचले.

आता खर्च पाहा. किलोला ५ ग्रॅम प्रमाणे हळद १६ ग्रॅम लागेल. दर २०० रुपये किलो असेल, तर खर्च ३ रुपये २० पैसे आणि फायदा ८० पैसे. लसूण पावडर १ टक्का घातली तर ३२ ग्रॅम लागेल. दर २५० रुपये असेल, तर खर्च ८ रुपये. म्हणजे एफसीआर सुधारूनही पक्ष्यामागे ४ रुपये तोटा, हजार पक्ष्यांना ४,००० रुपये. आपल्या बाजारातील दर टाकून हाच हिशेब पुन्हा करा.

याच्या तुलनेत विक्री लांबली तर काय होते? दोन किलोचा पक्षी दिवसाला साधारण १७५ ग्रॅम, म्हणजे ७ रुपयांचे खाद्य खातो. गटारीनंतर श्रावणात ठाणे-डोंबिवलीची मागणी उतरते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, तोही श्रावणातच. वजन वाढते, पण मागणी नसताना त्याचा भाव मिळत नाही. त्यामुळे पिल्ले टाकण्याची तारीख सणवार पाहून ठरवा.

पूरकाने झाकता न येणाऱ्या गोष्टी
कोकणच्या पावसाळ्यात मक्याला बुरशी लागते. ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर असलेला मका घेऊ नका आणि पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. तूस ओले झाले की अमोनिया वाढतो. गळके निप्पल त्याच दिवशी दुरुस्त करा, तूस रोज हलवा.

कोणतीही वनस्पती बर्ड फ्लू थांबवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे हा रोग आढळला आणि सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करावे लागले. दारात चुना, वेगळी चप्पल आणि बाहेरच्या पिंजऱ्यांना आत मज्जाव हेच खरे संरक्षण. अचानक मरतूक वाढली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शेडमध्येच चाचणी घ्या
एकाच बॅचची १००-१०० पिल्ले दोन कप्प्यांत ठेवा. जागा, फीडर आणि ड्रिंकर सारखेच द्या. एका कप्प्यातच पूरक वापरा. दिलेले व उरलेले खाद्य वजन करून लिहा, मरतुकीची नोंद ठेवा आणि ३५व्या दिवशी सर्व पक्षी तोला. एकूण खाद्य भागिले एकूण वजनवाढ म्हणजे एफसीआर. दोन-तीन बॅचमध्ये फायदा टिकला, तरच पूर्ण शेडला द्या.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत ही नोंदवही भरून दाखवावी. घटक, प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता न छापलेली पुडी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात प्रतिजैविक निघाले, तर अवशेष तुमच्या कोंबडीत सापडतील.