नोंद झाली, औषध कधीं पोहोंचेल?

आमचें उभें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. नोंद झाली म्हणजे काम झालें, हा कारकुनी समज आम्हींही पुष्कळ वर्षें बाळगला. तो किती अपुरा आहे, हें आपल्या नंदुरबार जिल्ह्यानेंच आम्हांस शिकविलें. देशांतील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं देण्यांत आले. यंत्रानें गरिबाची नोंद सर्वांआधीं येथें घेतली. परंतु धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून रोग्यास बांबूच्या झोळींत घालून आणण्याचे प्रसंग त्यानंतरही घडतच राहिले.

सन २०१९ पासून ई-संजीवनी ही सरकारी सोय सुरू आहे. उपकेंद्रांतील आरोग्य अधिकाऱ्यानें यंत्र उघडावें व दूरच्या डॉक्टरानें पडद्यावर रोगी पाहून औषध सांगावें, अशी तिची रीत. कोणी म्हणतील, हा डॉक्टरांच्या रिकाम्या जागा झांकण्याचा बहाणा होय. ही शंका अगदींच निराधार नाहीं. पडद्यावरून बाळंतपण होत नाहीं, कीं सर्पदंशावर सुई टोंचतां येत नाहीं. परंतु सिकलसेलच्या रोग्याची गोष्ट निराळी. रक्ताचा हा आनुवंशिक विकार आपल्या आदिवासी बांधवांत बराच आढळतो व त्यास वर्षानुवर्षें औषध आणि देखरेख लागते. केवळ सल्ल्यासाठीं त्या रोग्यानें मजुरी बुडवून घाट कां उतरावा? तेवढी खेप वांचली, तर रुग्णवाहिका व नर्मदेवरील तरंगता दवाखाना अडलेल्या बाईसाठीं मोकळा राहील.

मात्र यंत्र पाड्यापर्यंत नेणार कोण? सन २०२० मध्यें चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविका रेलू वसावे यांनीं स्वतः होडी वल्हवीत नर्मदाकांठच्या पाड्यांवर जाऊन गरोदर स्त्रिया व बालकें यांची देखरेख केली. भिली-पावरींतलें दुखणें समजून तें डॉक्टरास सांगणाऱ्या अशा सेविकांच्या हातीं यंत्र द्यावें. आणि त्याबरोबर शिक्षण व योग्य मोबदलाही द्यावा.

आपल्या संघानेंही स्वस्थ बसूं नये. आठवडे बाजाराच्या दिवशीं गोदामाची एक खोली, सौर दिव्यासह, या कामीं द्यावी. पाटांत पाणी सोडलें म्हणजे पीक भिजलें असें होत नाहीं. तें शेवटच्या सरीस पोहोंचावें लागतें, हें शेतकऱ्यास सांगणें नलगे. येत्या सभेंत सभासदांनीं हा ठराव अवश्य मांडावा, अशी आमची विनंती आहे.