शेत कुळाचे, ससा मालकाचा

१/ इंग्लंडमध्ये शेतजमीन विक्रीस निघाली की जाहिरातीत एकरांच्या जोडीने आणखी एक बाब आवर्जून नोंदवली जाते: शिकारीचा हक्क जमिनीबरोबर मिळणार की नाही. गव्हाचे शेत आणि तितर-फेझंटांचे रान, दोन्ही एकाच खरेदीखतात. या जोडीला ‘निसर्गप्रेमाचा वारसा’ म्हणण्याची प्रथा आहे. हा वारसा कुणाच्या पिकावर पोसला गेला, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रारंभ १६७१ च्या कायद्यापासून करू. दुसऱ्या चार्ल्सच्या पार्लमेंटने ठरवले की ससा, तितर वा फेझंट मारायचा तर वार्षिक १०० पौंड उत्पन्नाची वंशपरंपरागत जमीन हवी, १५० पौंड उत्पन्नाचा दीर्घ मुदतीचा पट्टा हवा, किंवा उच्च कुळातला वारसपुत्र तरी असायला हवे. काउंटीचा खासदार निवडण्यास मात्र ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन पुरे होई. १०० पौंड म्हणजे २,००० शिलिंग. लोकप्रतिनिधी निवडण्यापेक्षा ससा मारण्यास पन्नासपट मालमत्ता लागत असे!

३/ परिणामी लहान शेतकऱ्याला स्वतःच्या मालकीच्या शेतातही पीक फस्त करणारा ससा मारता येईना. उलट जहागिरीच्या राखणदाराला त्याच्या घराची झडती घेण्याचा आणि बंदूक, कुत्रा, जाळे जप्त करण्याचा अधिकार मिळाला. ज्याचे पीक जाई, त्याचेच हात बांधलेले.

४/ शिक्षाही पाहा. १७२३ च्या ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ने चेहरा काळा करून, शस्त्रासह हरणांच्या रानात शिरणे हा फाशीचा गुन्हा ठरवला. १८२८ च्या कायद्यानुसार रात्रीची चोरटी शिकार तिसऱ्यांदा सिद्ध झाली, तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी.

५/ यावर कुणी म्हणेल, १८३१ मध्ये ती मालमत्तेची अट रद्द झाली. झाली खरी. पण त्याच कायद्याने मालकाने राखून ठेवलेल्या शिकारीस संरक्षण दिले. जमीनदारांनी भाडेपट्ट्यात एक कलम घातले की काम भागले: जमीन कुळाने कसावी, शिकार मालकाची.

६/ या कलमाचा अर्थ शेताच्या बांधावर उभे राहूनच कळतो. नांगरणी कुळाची, बियाणे कुळाचे, खंडही कुळानेच भरायचा. उभे पीक खाणारा ससा मात्र मालकाचा. तो मारला तर दंड कुळालाच. म्हणजे कूळ दोनदा खंड भरत होते. एकदा रोख आणि एकदा सशाच्या तोंडून.

७/ ही गाठ सैल व्हायला १८८० साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने कुळाला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क दिला आणि तो हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक ठरवला. कुळाकडून सही कशी घेतली जाते, हे पार्लमेंटला पुरते ठाऊक होते! तितर आणि फेझंट मात्र या कायद्याच्या बाहेरच राहिले.

८/ स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तर शेतीच मागे सरली आणि हरणांची राने वाढली. तेथे प्रचंड राने भाड्याने घेणाऱ्या विनन्स या अमेरिकन धनाढ्याने किन्टेलमधील मर्डोक मॅक्रे या गरीब माणसावर दावा लावला. कारण? त्याचे पाळीव कोकरू शिकारीच्या रानात चरले. १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने विनन्सच्या विरोधात निकाल दिला. पण एका कोकरासाठी माणूस न्यायालयाच्या पायऱ्या चढतो, यातच त्या ‘निसर्गप्रेमा’ची जात उघडी पडते.

९/ प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य करू. शिकारीच्या हौसेपोटी काही झाडी आणि काही कुंपणे टिकली. परंतु किंमत न मोजणाऱ्याने श्रेय घेऊ नये. झाडी राखली जहागीरदाराने. त्या झाडीतून निघालेल्या सशांना खाऊ घातले शेतकऱ्याने. इतिहासात नाव पहिल्याचे लागते, दुसऱ्याच्या नावे उरते ती दंडाची नोंद.

१०/ इंग्लंडमध्ये आजही जमीन एकाची आणि तिच्यावरील शिकारीचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. म्हणूनच जाहिरातीत तो हक्क वेगळा सांगावा लागतो. ‘शेत आणि शिकार’ यांतला ‘आणि’ निसर्गाने जोडलेला नाही. तो कायद्याने, झडतीने आणि दंडाने जोडला आहे. यापुढे कुणी त्याला वारसा म्हटले, तर एवढेच विचारा: पीक कुणाचे गेले?