मोटारीचा पीळ आणि रोजचा रस्ता

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात. तेथें त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें एक वापरलेली टोयोटा ८६ घेतली. ही बुटकी, देखणी, मागें नांवापुरतीं दोन आसनें असलेली स्पोर्ट्‌स मोटार आहे. आतां ते लिहितात कीं, ह्या गाडींत 'टॉर्क' नाहीं; कचेरींतील मित्र हंसतात; ती विकून, कर्ज काढून, मोठ्या इंजिनाची गाडी घ्यावी असा विचार आहे. बाईंच्या यजमानांचें म्हणणें, मुलगा मिळविता आहे, त्याची हौस होऊं द्यावी. वडील दीर म्हणतात, चालत्या गाडीस नांवें ठेवण्याची संवय बरी नव्हे. बाई स्वतः एवढेंच विचारतात : "हा टॉर्क म्हणजे काय, आणि रोज कामावर जाण्यायेण्यास तो खरोखरीच अधिक लागतो काय?"

प्रश्न एका घरचा असला तरी तसलीं पत्रें हल्लीं पुष्कळ घरीं येत असतील, म्हणून ह्या अंकीं त्याचाच विचार करूं.

प्रथम शब्दाचा अर्थ. घरांतील जातें डोळ्यांपुढें आणावें. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर, कडेला बसविलेला असतो. तोच मध्याजवळ असता तर तितक्याच जोरानें ढकलूनहि वरचा दगड फिरता ना. हाताचा जोर आणि मध्यापासूनचें अंतर ह्यांच्या गुणाकारास टॉर्क म्हणतात. आपण त्यास 'पीळ' म्हणूं. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकास एक किलो वजन टांगलें तर आंसावर सुमारें ९·८ न्यूटन-मीटर पीळ पडतो. ह्या जातीच्या गाडीच्या मूळ इंजिनाचा कमाल पीळ २०५ न्यूटन-मीटर होता. म्हणजे त्याच दांड्यास सुमारें एकवीस किलो टांगल्यासारखें झालें.

परंतु नुसत्या पिळानें पीठ पडत नाहीं. हात कितीहि बळकट असला तरी मिनिटास किती फेरे होतात ह्यावर दळण अवलंबून असतें. पीळ आणि फेरे ह्यांच्या गुणाकारांतून शक्ति निघते. न्यूटन-मीटरांस मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणून ९,५४९ नें भागिलें म्हणजे किलोवॅट मिळतात. म्हणूनच कमी पिळाचें इंजिन भराभर फिरलें तर मोठ्या पिळाच्या संथ इंजिनाइतकेंच काम करूं शकतें. सारा वाद येथून सुरू होतो : काम तेवढेंच होत असेल तर ते फेरे वाढविण्याचा त्रास चालकानें रोज कां सोसावा?

ह्या त्रासावर तोड म्हणून गियर असतात. गियर म्हणजे पिळाचा सावकारच. फेरे घेतो आणि पीळ देतो. ८६ च्या हातानें बदलण्याच्या गियरांत तिसऱ्याचें प्रमाण १·५४१ व सहाव्याचें ०·७६७ आहे. हीं दोन प्रमाणें एकमेकांच्या जवळजवळ बरोबर दुप्पट आहेत. ताशी शंभर किलोमीटर वेगानें सहाव्या गियरांत जाणाऱ्या चालकानें पुढची मालमोटार ओलांडण्यासाठीं तिसरा गियर टाकला, तर इंजिनाचे फेरे सुमारें २,७०० वरून ५,४०० वर जातात आणि इंजिनाचा पीळ तोच धरला तरी चाकांवरील ओढ दुप्पट होते. पंचवीस टक्के मोठें इंजिन विकत घेऊन जें साधणार नाहीं, तें मनगटाच्या एका हालचालीनें साधतें. बोरघाट चढतांना जुने मोटारहांके दुसऱ्या गियरावर कां येत, ह्याचें कारण हेंच.

एवढ्यावरून वडील दिरांचाच पक्ष खरा, असें म्हणून लेखणी ठेवणें सोपें होतें. परंतु चिरंजीवांची तक्रार निराधार नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

टोयोटा आणि सुबारू ह्या दोन जपानी कंपन्यांनीं मिळून ही गाडी २०१२ सालीं बाजारांत आणली. तिचें नांव १९८३ सालच्या एई८६ ह्या हलक्या करोलावरून घेतलेलें. इंजिन दोन लिटरचें, आडव्या सिलिंडरांचें. सिलिंडराचा व्यास ८६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांवहि ८६ मिलिमीटर. टर्बो लावला नाहीं, टायर मुद्दाम साधे व अरुंद ठेविले; गाडी हलकी असावी आणि बेताच्या वेगांतहि वळणाची गंमत यावी, हा त्यामागील हेतु. अमेरिकेंत तिची शक्ति २०० अश्वशक्ति सांगत, पण ती ७,००० फेऱ्यांवर. आणि कमाल पीळ मिळे तो ६,४०० ते ६,६०० फेऱ्यांवर. त्यांतहि साधारण साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान पिळाच्या आलेखांत एक खळगी होती. पाय दाबावा आणि गाडीनें क्षणभर विचारांत पडावें, असें तेथें होई.

आतां रोजच्या रस्त्याचा हिशेब करूं. ताशी ५० किलोमीटर वेगास ही गाडी चौथ्या गियरांत असेल तर फेरे सुमारें २,१०० पडतात, तिसऱ्यांत सुमारें २,७०० आणि दुसऱ्यांत सुमारें ३,८००. म्हणजे गांवांतील सारें चालविणें कमाल पिळाच्या पुष्कळ खालीं होतें. आणि घाई म्हणून दुसरा गियर टाकावा तर इंजिन नेमकें त्या खळगींत जाऊन बसतें. ज्यानें पैसे मोजले त्यास हें बोंचणारच. कमी पीळ ही एक गोष्ट. आणि हवा तेथें पीळ नसणें ही दुसरी. चिरंजीव पहिलीची तक्रार करतात, पण त्यांचें खरें दुखणें दुसरें आहे, असें आम्हांस वाटतें.

गाडी करणाऱ्यांनाहि हें उमगलें. २०१७ च्या अमेरिकन आवृत्तींत हातगियराच्या गाडीचें शेवटचें प्रमाण ४·१ वरून ४·३ केलें; म्हणजे प्रत्येक गियरांत चाकांवरील ओढ सुमारें पांच टक्क्यांनीं वाढली. मग नव्या पिढींत, जी जगापुढें २०२०-२१ सालीं आली, सिलिंडराचा व्यास ९४ मिलिमीटर करून इंजिन २·४ लिटरचें केलें. कमाल पीळ २५० न्यूटन-मीटर झाला, म्हणजे सुमारें २२ टक्के वाढ. पण खरी मौज ह्या आंकड्यांत नाहीं; तो पीळ ३,७०० फेऱ्यांवरच मिळूं लागला, ह्यांत आहे. त्या फेऱ्यांवर नवें इंजिन सुमारें ९७ किलोवॅट देतें. जुन्यानें खळगी नसती आणि पुरता २०५ चा पीळ तेथेंच दिला असता, तरीहि ७९ च्या वर मजल गेली नसती. आणि खळगी तर होतीच. रोजच्या चालविण्यांत फरक पडतो तो असा.

दुसरें उदाहरण होंडाच्या एस२००० चें. १९९९ सालच्या ह्या गाडीचें दोन लिटरचें इंजिन जवळजवळ ९,००० फेऱ्यांपर्यंत फिरे. अमेरिकेंत त्याची शक्ति २४०, परंतु ती ८,३०० फेऱ्यांवर. आणि २०८ न्यूटन-मीटरांचा कमाल पीळ मिळण्यास ७,५०० फेरे लागत. सकाळीं दुधाच्या बाटल्या आणावयास निघालेल्या गृहस्थानें इतके फेरे कोठें घ्यावे? पुढें २००४ सालीं होंडानें अमेरिकेसाठीं दट्ट्याची धांव ८४ वरून ९०·७ मिलिमीटर केली, इंजिन २·२ लिटरचें झालें, पीळ थोडा वाढला व खालीं आला, आणि फेऱ्यांची मर्यादा सुमारें हजारानें घटली. गाडी रोजच्या वापरास सोपी झाली. तरी पहिल्या इंजिनाच्या त्या उंच स्वरासाठीं हळहळणारे भक्त आजहि आहेत. सोय वाढली तेव्हां कांहीं तरी हरवलेंहि, हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं.

तिसरें उदाहरण तर जुळ्या बहिणींचेंच. माझ्दाची एमएक्स-५ आणि फियाटची १२४ स्पायडर ह्या दोन गाड्या जपानांत हिरोशिमा येथें एकाच सांगाड्यावर तयार होत. युरोपांतील माझ्दास दोन लिटरचें टर्बोविरहित इंजिन : १६० अश्वशक्ति आणि ४,६०० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर. फियाटास १·४ लिटरचें टर्बो इंजिन : १४० अश्वशक्ति, पण २,२५० फेऱ्यांवरच २४० न्यूटन-मीटर. एकीकडे शक्ति अधिक, दुसरीकडे पीळ अधिक. शून्यापासून ताशी शंभरापर्यंत पोहोंचण्यास दोघींस वेळ मात्र जवळजवळ सारखाच. गांवांत फियाट सुखाची. परंतु टर्बोस दाब भरण्यास क्षणभर लागतो, त्यामुळें पायाची आज्ञा आणि इंजिनाचें उत्तर ह्यांत अंतर पडतें. माझ्दाचें उत्तर तत्काळ, पण तिला आधीं फेऱ्यांवर आणावें लागतें. कोणती बरी, हें चालकाच्या स्वभावावर ठरतें.

आणि वजनाचा विचार सोडून चालणार नाहीं. १९८९ सालीं पहिली एमएक्स-५ निघाली तेव्हां तिचा पीळ अवघा १३६ न्यूटन-मीटर होता. तरी ती हजार किलोच्या आंतली असल्यानें कोणास अडली नाहीं. २०१६ पर्यंत ह्या नांवाच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. ओढावयाचें ओझेंच कमी केलें तर बैल मोठा लागत नाहीं.

तेव्हां रोजच्या गरजेचा निवाडा काय? सपाट रस्त्यावर ताशी शंभरानें जाण्यास असल्या लहान गाडीस पंधरा-वीस अश्वशक्ति पुरते. गरज म्हणून पाहिलें तर चिरंजीवांच्या इंजिनाजवळ ती दसपट आहे. अधिक पीळ ही गरज नव्हे, सोय आहे. मात्र सोय म्हणून ती तुच्छ नाहीं : चढावावर, चार माणसें बसली असतां, दिवसभराच्या कामानंतर गर्दींतून परततांना, वारंवार गियर न बदलतां गाडीनें मुकाट्यानें ओढावें, हें सुख खरें आहे. पण तेवढेंच सुख पाहिजे असेल तर विजेच्या मोटारीकडे जावें; तिला पहिल्या फेऱ्यापासूनच पुरा पीळ मिळतो. स्पोर्ट्‌स मोटार मनुष्य घेतो तो हातापायांस काम असावें म्हणून. आणि त्या कामाचाच पुढें कंटाळा करतो, ही विसंगति आहे.

एक इशाराहि देणें आम्हांस अवश्य वाटतें. ह्या गाड्यांचीं मागचीं चाकें ओढतात. कमी फेऱ्यांवर भरपूर पीळ आला म्हणजे ओल्या रस्त्यावर, वळणांत, पाय किंचित् अधिक पडला तरी मागचीं चाकें घसरूं शकतात. रस्त्यावर चारच तळव्यांएवढा रबर टेकलेला असतो. इंजिन मोठें केल्यानें तो वाढत नाहीं. मित्रांच्या हंसण्यासाठीं घेतलेला पीळ रात्रीच्या पावसांत अंगावर येऊं नये.

चिरंजीवांस आमचा सल्ला असा. एक महिना गाडी विकण्याचें नांव काढूं नये. इंजिन ऊन झाल्यावर, मोठ्या रस्त्यास मिळतांना वा पुढची गाडी ओलांडतांना, दोन गियर खालीं येऊन फेरे पांच हजारांच्या वर न्यावे. तें इंजिन त्याचसाठीं केलेलें आहे, त्यास इजा होत नाहीं. गर्दींत मुंगीच्या चालीनें जातांना त्रास होत असेल तर तो क्लचचा आहे, पिळाचा नव्हे. मोठ्या इंजिनाची हातगियराची गाडी घेऊनहि तो डाव्या पायास पुरून उरेल. निकासाच्या नळ्या व इंजिनाची जुळणी बदलून ती खळगी बरीचशी भरतां येते, परंतु त्यापूर्वीं तेथील धुराचे नियम पाहावे. महिनाअखेर मन तसेंच म्हणत असेल, तर नव्या पिढीची तीच गाडी एकदां रोजच्या वाटेनें चालवून पाहावी. त्यांचें औषध बहुधा तेंच आहे, त्याहून मोठें नव्हे. मात्र ती शिलकींतून घ्यावी. कर्जाचा हप्ता दरमहा एकाच जोरानें ओढतो आणि त्यास गियर नसतो.

वाचकभगिनींच्या घरांतील तीनहि पक्षांस ह्यांत थोडथोडें मिळालें आहे. चालत्या गाडीस नांवें ठेवूं नयेत हें दिरांचें म्हणणें बरोबर, पण गाडी जेथें खरोखर अडते तेथें तिचा दोष कबूल करावा. हौस होऊं द्यावी हें यजमानांचें म्हणणेंहि बरोबर, पण आहे त्या हौसेचा उपयोग आधीं पुरता करून घ्यावा. चिरंजीवांनीं काय ठरविलें तें बाईंनीं अवश्य कळवावें. आम्हांस उत्सुकता राहील.