चीटर कुणाला म्हणावे?



आपल्या शाळेत रोज सगळ्यात जास्त ऐकू येणारा इंग्रजी शब्द कोणता? माझ्या मते तो ‘चीटर’ आहे. कबड्डीत, गोट्यांत, पाढ्यांत, कुठेबी कुणी जिंकला की लगेच ओरडतात, “चीटर हाय त्यो! चीटिंग करूलालाय!” हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे असे मला वाटते.

आधी अर्थ बघू. गुरुजींनी सांगितलं की चीट म्हणजे मुद्दाम फसवणे. जो फसवतो तो चीटर. फार जुन्या काळी इंग्लंडात बेवारस जमीन राजाकडे जमा होई. त्याला एस्चीट म्हणत. ते काम करणारे अधिकारी लोकांना फसवत अशी त्यांची बदनामी झाली आणि त्यावरूनच चीट हा शब्द निघाला.

आपल्या मराठीत असे शब्द काय कमी आहेत? लबाड, लुच्चा, भामटा, ठक, ठग. त्यातला ‘ठग’ तर इंग्रजांनी आपल्या देशातून नेला. ठग वाटसरूंशी गोड बोलून ओळख करत आणि मग गळा आवळून लुटत. १८३० नंतर स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना पकडण्याची मोठी मोहीम काढली. आज इंग्रजीत ‘थग’ म्हणजे गुंड. आपण मात्र गोड बोलून फसवणाऱ्याला ठग म्हणतो. शब्द गाव सोडून गेला की त्याचा अर्थ असा बदलतो.

कायद्यातसुद्धा चीटिंग आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याचे कलम ४२० होते. म्हणून लबाड माणसाला ‘चारसोबीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि आता ते कलम ३१८ आहे. लोक मात्र अजून चारसोबीसच म्हणतात! पण कलम कोणतेही असो, मुख्य गोष्ट एकच. फसवायचा हेतू पाहिजे. चूक झाली म्हणजे चीटिंग नाही.

आता खेळाचे बघा. कबड्डीत दम तुटला आणि खेळणाऱ्याला कळलेच नाही, तर तो चीटर नाही. कळूनही तो तसाच कबड्डी कबड्डी करत राहिला, तर ती चीटिंग. आणि आपण हरलो म्हणून दुसऱ्याला चीटर म्हणणे हा तर खोटेपणाच.

गेल्या साली आमच्या वर्गातला एक मुलगा आई-बापासंगं ऊसतोडीला गेला होता. परत आल्यावर पाढ्यांच्या चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. पोरं म्हणाली, “चीटर! बघून लिवलं!” गुरुजींनी त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं सतराचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला. फडात तो रोज उसाच्या मोळ्या मोजत होता. पोरं गप झाली, पण त्याला चिडवायचं नाव तेच राहिलं. कुणी त्याला आपल्या डावात घेईना. तो आठ दिवस शाळेत आला नाही. एका शब्दाने एवढं होतं.

मग खरे चीटर कोण? कापूस घेताना काटा मारणारा. बोगस बियाणे विकणारा. ‘बँकेतून बोलतो’ म्हणून फोनवर ओटीपी विचारणारा. पालकहो, ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरला फोन करा.

आपल्या उमरीचीच एक गोष्ट आहे. ३० जानेवारी १९४८ ला निजामाच्या राज्यात स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. लाखो रुपये हाती आले. कुणीही म्हणेल, हे तर लुटारू! पण त्यांनी ते पैसे स्वतःच्या घरी नेले नाहीत. लढ्यासाठी वापरले आणि त्याचा चोख हिशेब ठेवला. म्हणून आज आपण त्यांना नमस्कार करतो. नुसते काम पाहून माणसाला नाव ठेवू नये, त्याचा हेतू पाहावा, हे मला यातून पटले.

म्हणून माझे मत असे आहे की कुणाला चीटर म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. त्यानं मुद्दाम केलं का? दुसऱ्याचं काही घेतलं का? आपण ते डोळ्यांनी बघितलं का? तिन्हीचे उत्तर ‘हो’ असेल तर त्याच्या पाठीमागे नको, गुरुजींसमोर म्हणावे. नसेल तर सरळ म्हणावे, “तू जिंकलास गड्या, आता दुसरा डाव!”

इयत्ता चौथी